समोरचं दुकान

भाऊजी, तुमच्याशी भांडायचंय म्हणून लिहायला बसलेय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे, तेही लिहीन. पण आधी भांडण. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, आणि त्याचा निकाल मला उद्या सकाळपर्यंत लावायचाय.

तेरावं आटोपलं. तुमच्या नलूताई धारला घरी आहेत, तुमच्या बहिणी त्यांच्या सोबतीला थांबल्यात. आज मी दुकान उघडलं. इतकी वर्षं मी त्याला ऑफिस म्हणायचे आणि तुम्ही दुकान. "जिथे गिऱ्हाईक जिना चढून येतं ते दुकान," असं तुमचं म्हणणं. आता मीही दुकानच म्हणते, तेवढ्यावर खूश व्हा. कम्प्युटरवरचं कापड काढलं, धूळ पुसली, उदबत्ती लावली. मशीनपासून लांब लावली, काळजी करू नका. तेवढ्यात समोरच्या माडीवरून महेश भिया उतरला, रस्ता ओलांडून आला आणि तुमच्या खुर्चीकडे न बघता स्टुलावर बसला.

"भाभीजी, बाबूजी थे तब तक बात अलग थी," तो म्हणाला. "अब आमने-सामने दो दुकानें रखने का क्या मतलब? मिला लेते हैं. एक बोर्ड, एक प्रोग्राम. देवास भी अपना, पीथमपुर भी अपना."

मग त्याने खरं सांगितलं. "नहीं तो मैं तो दुकान समेट रहा हूँ. इंदौर में नौकरी मिल रही है. आपसे अब पार नहीं पड़ती."

म्हणजे बघा कसा पेच आहे. कारखान्यांच्या स्टोअरचे प्रोग्रॅम लिहिणारे या गावात आम्ही दोघंच. त्याला हो म्हटलं तर गावात एकच दुकान उरतं, आणि नाही म्हटलं तरी एकच उरतं. जे होऊ नये म्हणून तुम्ही माझ्याशी भांडलात, ते तुमच्यामागे पंधरा दिवसांत माझ्या जिन्यावर चढून आलं. "उद्या सांगते," म्हणून मी त्याला पाठवलं. तो गेल्यावर सवयीने तुमच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "काय हो, आता?" मग दार लोटून घेतलं आणि थोडी रडले. ते तुम्हाला कळावं असं नाही, पण लिहिलं.

तुमचं हे खूळ आलं कुठून, ते मला ठाऊक आहे. ह्यांच्याशी माझं लग्न झालं आणि सांगलीहून आम्ही देवासला आलो, त्या वेळी इथे कारखाने उभे राहत होते आणि आपल्याकडची माणसं नोकरीसाठी ट्रंका घेऊन उतरत होती. ह्यांना कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. तुम्ही ह्यांचे पुण्याच्या होस्टेलातले मित्र, धारच्या जुन्या संस्थानी घरातले, म्हणून बोलण्यात 'आपण' फार आणि मध्येच 'क्या बताऊँ'. त्या दिवसांत तुम्ही मुंबईत एका परदेशी कम्प्युटर कंपनीत होतात. मशीन त्यांचं, तेही भाड्याने. त्यात घालायची भोकांची कार्डं त्यांची, प्रोग्रॅम त्यांचे, बिघडलं तर उघडायला माणसंही त्यांचीच. मग सरकारशी कंपनीचं बिनसलं आणि तिने देशातून गाशा गुंडाळला. तुम्ही धारला जाता जाता आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून होतात, बूट न काढता.

"वहिनी, मी गिऱ्हाइकांना विचारलं, तुमच्या मशीनमध्ये नेमकं काय आहे? तर म्हणतात, ते आम्हाला कसं माहीत असणार! आपल्याच घरात काय आहे, हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागत होतं. आणि तो दुसरा बोटीत बसून गेला."

तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी गणितात बी.एस्सी. होते आणि पोळ्या लाटत होते. तुम्ही धारच्या कॉलेजात गणित शिकवायला लागलात आणि शनिवारी इंदूरवरून बस बदलून आमच्याकडे यायचात. ह्यांच्याबरोबर पत्ते खेळायला म्हणून यायचात आणि मला प्रोग्रॅम लिहायला शिकवून जायचात. मशीन नव्हतंच. सगळं कागदावर. तुम्ही स्वतः मशीन होऊन बसायचात, मी लिहिलेली एकेक ओळ वाचून तसंच्या तसं करायचात, आणि मी चुकले असले की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहायचात. ह्यांनी एकदा कंटाळून पत्ते गोळा केले, तरी तुमचं चालूच. "वहिनींनी मला थांबायला सांगितलेलंच नाही," तुम्ही म्हणालात. प्रोग्रॅमला शेवट लागतो, हे मी त्या दिवशी शिकले.

मला तेव्हा वाटायचं, हा माणूस हुशार आहे पण थोडा चक्रम आहे. चहा सकाळी एका हॉटेलात, संध्याकाळी दुसऱ्या. न्हावीही दोन, आलटून पालटून. त्यापायी एकदा एकाने तुमचे कल्ले मुद्दाम वरखाली ठेवले होते, आठवतं? मी हसले तेव्हा तुम्ही आजोबांची गोष्ट सांगितलीत. तुमच्या घरात लग्न निघालं की लाडू एका हलवायाकडे आणि जिलबी दुसऱ्याकडे द्यायची पद्धत. एकालाच सगळं दिलं तर दोन्ही स्वस्तात पडलं असतं, पण आजोबांचा नियम, की पंगतीत दोघांची नावं घेतली गेली पाहिजेत. म्हणजे दोघंही तूप चांगलं वापरतात. तुमच्या लग्नातही तसंच झालं, आणि तुमच्या सासऱ्यांना, नलूताईंच्या वडिलांना, वाटलं की तुम्हा मंडळींचा कोणावरच विश्वास नाही. "विश्वास आहे म्हणूनच दोन," असं आजोबांनी त्यांना सांगितलं म्हणे. मला हे अजूनही नीटसं पटलेलं नाही.

आपलं दुकान मात्र निघालं ते आमच्या ह्यांच्या भक्तीमुळे. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की ती आता तुमचीच झाली, पण तुमच्या सांगण्यात दरवेळी कुंकू वाढत गेलं. खरी अशी झाली. कारखान्यात कम्प्युटर आला होता. त्यावरचा स्टोअरचा प्रोग्रॅम इंदूरच्या एका कंपनीचा. त्या वेळी आपल्या भागात तेवढी एकच. तो प्रोग्रॅम चालू करायला त्यांचीच एक फ्लॉपी मशीनमध्ये घालावी लागायची, किल्लीसारखी. तिची नक्कल निघत नसे. ती नसली की मशीन नुसतंच हिरवे डोळे मिचकावत बसणार. म्हणून ती कुलपात असायची. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा झाली, लेथ झाले, तराजू झाले, आणि स्टोअरमधल्या आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींच्या मनात आलं की या स्टोअरचं खरं हत्यार तर कुलपात आहे. आमच्या ह्यांनी ती फ्लॉपी काढली, पाटावर ठेवली, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

दसऱ्यानंतर फ्लॉपी चालेना. कुंकू फ्लॉपीच्या उघड्या फटीतून आत गेलेलं. इंदूरला फोन केला तर उत्तर आलं, नवी मिळेल, पण आमचा माणूस दिवाळीनंतर मोकळा होईल. तिवारीजी तेव्हा स्टोअरचे मोठे साहेब. ते फोनवर इतके ओरडले की बाहेर साखळीने बांधलेली सायकल हलली, असं हे सांगत आले. पण ओरडून करणार काय? दुसरं कोण होतं? रॅकवर बेअरिंगं पडलेली आणि कोणती कुठे, किती शिल्लक, हे सगळं त्या न उघडणाऱ्या मशीनमध्ये. मालाची जुनी कार्डं हाताने लिहिणं तर कधीच बंद केलेलं. एक लेथ एका बेअरिंगपायी उभा राहिला.

ह्यांचा चेहरा पडलेला. नोकरी जाते की काय असं झालेलं. तुम्ही धारहून आलात, कहाणी ऐकलीत, आणि आधी पोट धरून हसलात. मग तिवारीजींना म्हणालात, "साहेब, देवाला कुंकू वाहिलं हा गुन्हा नाही. किल्ली एकाच्याच कमरेला, हा गुन्हा." मोजणी ह्यांनी आणि स्टोअरच्या माणसांनी केली, प्रोग्रॅम तुम्ही आणि मी लिहिला. स्टोअरच्या कोपऱ्यात, चपला बाहेर काढून, देवळात बसावं तसं आपण बसलो होतो. दिवाळीला लेथ चालत होता. त्या फराळात तिवारीजींनी मला 'मॅडम' म्हटलं आणि हे दोन दिवस मला त्याच नावाने हाक मारत होते.

तिथून आपलं दुकान. तुम्ही कॉलेज सोडलंत, आठवडाभर देवासलाच राहायला लागलात आणि रविवारी धारला जायचात. आणि दुकानाच्या पहिल्या दिवसापासून आपलं भांडण.

प्रोग्रॅम विकताना त्याबरोबर तुम्ही गिऱ्हाइकाला फॉरमॅटचा कागद द्यायला लागलात. फाईलमध्ये माल कुठे लिहिलाय, दर कुठे, तारीख कुठे, सगळं उघड. म्हणजे उद्या त्याला आपण नकोसे झालो, तर दुसरा कोणीही येऊन त्याचा माल त्याच्या प्रोग्रॅममध्ये नेऊ शकेल. मी म्हटलं, "भाऊजी, मुलगी सासरी देताना परतीचं तिकीट हातात ठेवतात का?" तुम्ही म्हणालात, "आपण ठेवावं. मग ती राहिली तर सुखाने राहिली असं समजावं." मी म्हटलं, हे बोलणं मुलगी नसलेल्या माणसाचं आहे. तुम्ही म्हणालात, हे बोलणं मुंबईची नोकरी गेलेल्या माणसाचं आहे. दोघंही हट्टी. कागद देणं चालू राहिलं, कारण टाईप मी करत असले तरी तो गिऱ्हाइकाच्या हातात तुम्ही ठेवायचात.

आणि समोर कोण होतं? ती इंदूरची कंपनी. तिने लगेच नवा डाव टाकला. मशीन आमचं घ्या, प्रोग्रॅम फुकट. दुसऱ्याचा प्रोग्रॅम चालवलात तर मशीन बिघडल्यावर आम्हाला बोलावू नका. एका झटक्यात आपली दोन गिऱ्हाइकं गेली. मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, बघा, जग असं चालतं, आणि आपण कागद वाटत बसलोय. तुम्ही भडकला नाहीत. भोपाळ-इंदूर फिरून मशीन जोडणारी आणि दुरुस्त करणारी दुसरी माणसं शोधून आणलीत आणि कारखान्यांना म्हणालात, मशीन कोणाचंही घ्या, दुरुस्तीला हा आहे, त्याला नाही आवडला तर तो आहे. वर्षभरात त्या डावातली हवा गेली. जी दोन गेली होती त्यांतलं एक परत आलं. हे तुमचं खरं कर्तृत्व, आणि लोकांना माहीत नाही म्हणून इथे लिहिते. पुढे त्या कंपनीला मोठ्या शहरांतली मोठी कामं मिळाली, तिने देवासचा नाद सोडला, आणि आपण एकटे उरलो.

मी पेढे वाटले. नाकारत नाही. त्या वर्षी मला फार बरं वाटलं. जिना चढून कारखानेच येत होते. आणि एका दुपारी तुम्ही तिवारीजींकडून आलात आणि पंखा न लावता बसून राहिलात. मी विचारलं, तब्येत बरी नाही का?

"वहिनी, तिवारीजी आज ओरडले नाहीत."

"बरं झालं की!"

"त्यांना रिपोर्टमध्ये एक बदल हवा होता. मी बोललो, पुढच्या महिन्यात बघू. सहज निघून गेलं तोंडातून. आणि ते काय म्हणाले माहितेय? 'जैसा आप ठीक समझें.' तिवारीजी! असं मऊ!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "त्यांच्या लक्षात आलं आहे, की आपल्याशिवाय त्यांना कोणी नाही."

मी म्हटलं, मग पुढच्या महिन्यात नका, याच महिन्यात करून द्या, झालं. तुम्ही म्हणालात, या वेळी देऊ, पुढच्या वेळी देऊ, पण द्यावं लागणार नाही हे एकदा कळल्यावर किती दिवस देऊ? मला ते अति वाटलं. अजूनही वाटतं. चांगला माणूस एकटा असला तरी चांगला राहू शकतो, ही माझी बाजू, आणि ती मी सोडलेली नाही. तुम्ही म्हणायचात, चांगुलपणाला शेजार लागतो.

त्यानंतर महिना-दोन महिन्यांत महेश आला. टोंकखुर्दच्या शेतकऱ्याच्या घरातला, इंदूरला कम्प्युटर शिकलेला, पायात धुळीची चप्पल. समोरच माडी घेतली होती त्याने. आला तो सरळ तुमच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबूजी, आपके सामने दुकान डाल रहा हूँ, आशीर्वाद चाहिए." मला हसू आलं. पण तुम्ही नुसता आशीर्वाद देऊन थांबला नाहीत. तुम्ही त्याला फॉरमॅटचा कागद दिलात. चहा पाजलात. आणि वर त्याला आमच्या ह्यांच्या कारखान्यात तिवारीजींकडे घेऊन गेलात, की हा होतकरू आहे, याचंही काम बघा.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की मी म्हटलं होतं, अजून वेळ गेलेली नाही, फॉरमॅट बदलून टाकू. दोन जागा इकडच्या तिकडे केल्या की त्याचा प्रोग्रॅम आपल्या फाईलीत आंधळा. गिऱ्हाईक मग जाईल कुठे? आणि आपल्यालाही रोज उठून नवं काही करायला नको. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वहिनीसाहेब, आपण रागावलात तर रागवा. पण हे मशीन तुमच्या हाताखाली आहे. बदलायचं तर तुम्ही बदला, मी अडवणार नाही." हे बरोबर नव्हतं, भाऊजी. अडवलं असतंत तर मी बदललं असतं. तुम्ही माझ्यावर सोडलंत आणि माझा हात चालेना. मग मी काय करणार, तुमचा डबा बंद केला. आठवडाभर तुम्ही दोन्ही हॉटेलांत कचोऱ्या खाल्ल्यात आणि पोट बिघडवून घेतलंत.

तिवारीजींनी महेशचा प्रोग्रॅम घेतला. आपलं पहिलं गिऱ्हाईक, आणि माझ्या नवऱ्याचा कारखाना. हे दिवसभर महेशच्या प्रोग्रॅमवर बसायचे आणि रात्री माझ्या हातचं जेवायचे. पहिले काही दिवस बिचारे त्यावर बोललेच नाहीत. मग एकदा पिठलं वाढत असताना न राहवून म्हणाले, "त्याच्यात माल शोधायला पटकन सापडतो हो. अर्धं नाव टाकलं तरी पुरतं." मी पिठल्याचं पातेलं उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही यायच्या आधी दुकानात आले आणि कामाला बसले. महिनाभर दुसरं काही सुचलं नाही. आपला शोध मी असा लिहिला की अर्धं नाव सोडा, रॅक सांगितला तरी माल सापडेल आणि माल सांगितला तर त्याच्या जागी चालणारा दुसराही दाखवेल. तो चालला तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. मी वाट बघत होते, की आता म्हणाल, 'बघा, मी सांगत नव्हतो?' मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. तुम्ही ते वाक्य कधीच म्हणाला नाहीत आणि माझं उत्तर वाया गेलं. त्या शोधावर पीथमपूरचे नवे कारखाने आपल्याकडे आले, तुमच्या धारच्या वाटेवरचे, म्हणून तुम्हाला विशेष आनंद. मग महेशने काहीतरी केलं, मग मी, मग त्याने. तिवारीजी दोघांवरही ओरडायला लागले आणि त्यांचा रंग पुन्हा उजळला.

ही मधली वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती, भाऊजी. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असतात.

डॉक्टरही तुमचे दोनच. एकाने मीठ बंद केलं, दुसऱ्याने जिना बंद केला, आणि तुम्ही दोघांचंही न ऐकता मीठ लावलेले दाणे खात जिना चढून येत राहिलात. इथे तुमचा नियम चालला नाही, एवढं माझ्या बाजूला लिहून ठेवा. नेमावरला अस्थी नेल्या तेव्हा जीप महेशनेच आणली होती. नर्मदेत उतरून त्याने तुमच्या भाच्याला हाताला धरून नेलं, कारण घाटावर शेवाळ होतं. मी काठावर उभी राहून एवढंच म्हटलं, की हा माणूस भाऊजींनी माझ्यासमोर आणून ठेवला आणि मी त्याच्याशी इतकी भांडले, तरी आज तो घरचाच वाटतोय.

आता उद्याचं. मला ठाऊक आहे तो का हरतोय. गेल्या मार्चपासून त्याची गिऱ्हाइकं एकेक करून माझ्याकडे येताहेत, कारण वर्षअखेरीला त्याचा स्टॉक जुळत नाही. रॅकवर एक आणि मशीनमध्ये दुसरंच. का, तेही मला ठाऊक आहे. हे जेवताना वैतागून सांगत होते, त्यावरून ताडलं. पण ते माझं हत्यार आहे, आणि धंद्यात हत्यार कोणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. बास, आज इतकंच. डोळे दुखताहेत.

*

वरचं काल लिहिलं. आज सकाळी महेश आला.

मी त्याला म्हटलं, दुकानं एकत्र केली तर काय फायदा, ते नीट सांग. तो उत्साहाने सांगायला लागला. "भाभीजी, ग्राहक फिर जाएगा कहाँ? कल को कोई तीसरा आया तो अपन फॉर्मेट बदल देंगे, वो पढ़ ही नहीं पाएगा. और ये रोज-रोज नया बनाने की झंझट भी खत्म."

माझे शब्द, भाऊजी. मी त्या संध्याकाळी तुम्हाला म्हटलेले, जसेच्या तसे. हिंदीत ऐकू आले तेव्हा मुळीच बरे वाटले नाहीत. आणि मग मी बोलायला लागले. ग्राहकाला जाता आलं पाहिजे, जाता येत असून राहिला तर तो आपला. आपण चांगले आहोत हे आपण ठरवायचं नसतं. माझ्या तोंडून हे सगळं धडाधड येत होतं आणि माझं मलाच नवल वाटत होतं.

महेशने मला हाताने थांबवलं. "ये तो बाबूजी बोल रहे हैं."

"बाबूजी होते तो पहले चाय मँगाते," मी म्हटलं. "ये मैं बोल रही हूँ. मिलाना नहीं है, भिया."

तो उठला. रागावला नव्हता. "तो फिर मैं समेटता हूँ. राम राम, भाभीजी." आणि जिना उतरला.

मी बसून राहिले. देवासमध्ये, पीथमपूरमध्ये, धारपर्यंत आता मी एकटी. खरं सांगते, गोड वाटलं. समोर पडलेलं काम बघितलं. पुढच्या आवृत्तीत जे घालायचं ठरवलं होतं, ते सगळं. आणि मनात आलं, घाई काय आहे, पुढच्या महिन्यात बघू.

भाऊजी, मी खुर्चीतून ताडकन उठले. गॅलरीत जाऊन भर रस्त्यात ओरडले, "महेश भिया! ऊपर आओ!" खालचा पोहेवालाही वर बघायला लागला.

तो आला. मी त्याला मशीनसमोर बसवलं. "मार्च में तुम्हारा स्टॉक क्यों नहीं मिलता, मालूम है?"

"वही तो नहीं मिल रहा," तो म्हणाला. "पूरा साल लग गया ढूँढते."

"जो माल स्टोर से निकला और बिना लगे वापस आया, उसे तुम्हारा प्रोग्राम नई खरीद समझ लेता है. वापसी पर अलग निशान लगाओ. बस."

त्याने कागद ओढला, दोन-तीन ओळी लिहिल्या, पेन थांबलं. मग मान वर केली. "आपको कब से मालूम था?"

"बहुत दिन से."

"तो बताया क्यों नहीं?"

"क्यों बताती? सामने की दुकान हो, जमाई थोड़े हो."

"तो अब क्यों बता रही हैं?"

"क्योंकि सामने की दुकान हो."

तो हसला, मग त्याचे डोळे भरले, मग घाईघाईने जिना उतरला. आत्ता मी हे लिहितेय आणि समोरच्या माडीवर त्याचा प्रिंटर करकरतोय. येत्या मार्चमध्ये त्याचा स्टॉक जुळेल आणि पीथमपूरचे एक-दोन कारखाने माझ्या हातून जातील, मग मला रात्रंदिवस बसून काहीतरी नवं काढावं लागेल. हे घरी सांगितलं तर ह्यांना वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. मी त्यांना पिठलं वाढलं.

तुम्ही त्याला कागद दिलात, आशीर्वाद दिलात, गिऱ्हाईक मिळवून दिलंत. पण त्याच्या ज्या चुकीवर आपलं दुकान चालत होतं, ती चूक समोरच्याला हाक मारून, बसवून, हातात देणं? एवढं तर तुम्हीसुद्धा केलं नव्हतंत, भाऊजी. आता बोला.